लांबलचक फिनिश शब्द कसा सोडवावा

कोकणात आमच्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडायचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरी पाहुणे उतरतात. एका वर्षी फिनलंडची एक मुलगी आली आणि शिमगा होईपर्यंत राहिली. पहिल्या सकाळी किनाऱ्यावरून परतल्यावर ओटीवर चहा घेताना तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक शब्द लिहिला: मेरिकिल्पिकोन्ना. "आज आपण पाहिलं ना, ते हे."

मी सत्तावीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. लांब शब्द दिसला की हात आपोआप विग्रहाकडे जातो. तिला विचारत विचारत मी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. मेरि म्हणजे समुद्र, किल्पि म्हणजे ढाल, कोन्ना म्हणजे भेक, खरखरीत अंगाचा तो मोठा बेडूक. ढालवाला भेक म्हणजे कासव आणि समुद्रातला ढालवाला भेक म्हणजे समुद्री कासव. कासवाला इतकं नेमकं नाव मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आठवीत समास शिकलेल्या कोणालाही फिनिश शब्द सोडवता येईल, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

सुरुवात शेपटाकडून करा. आपल्या तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असतं, तसंच तिथेही आहे. शेवटचा तुकडा वस्तू सांगतो, आधीचे तुकडे ती कोणती, कशाची ते सांगतात. राउतातिएआसेमा घ्या. शेवटी आसेमा, म्हणजे स्थानक. त्याआधी तिए म्हणजे रस्ता, त्याआधी राउता म्हणजे लोखंड. लोखंडाच्या रस्त्याचं स्थानक! आपला 'लोहमार्ग' आणि त्यांचा 'राउतातिए' अक्षरशः एकाच साच्यातले.

सांधा कुठे आहे ते कळत नसेल तर स्वर बघा. फिनिशमध्ये स्वरांचे दोन गट आहेत. आ, ओ, उ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ॲ आणि ओठ गोल करून म्हणायचे आणखी दोन स्वर. इ आणि ए दोन्हीकडे चालतात. एका मूळ फिनिश शब्दात हे दोन गट सहसा एकत्र येत नाहीत. म्हणून शब्दात ॲ नंतर आ भेटला की तिथे जोड आहे असं समजा. यॅकाप्पि म्हणजे फ्रिज. यॅ म्हणजे बर्फ, काप्पि म्हणजे कपाट. इसोॲइति म्हणजे आजी. इसो मोठी, ॲइति आई. हाच शब्द मध्ये जागा सोडून लिहिला तर आजी जाते आणि नुसती 'मोठी आई' उरते. आपल्याकडे फलकांवर सामासिक शब्द तोडून लिहितात ते मला कायम खुपतं. तिथे तर तेवढ्याने नातंच बदलतं.

कधी कधी सांध्यावर 'न' दिसेल. मेरेन्रान्ता म्हणजे समुद्रकिनारा. यातला 'न' ही षष्ठी आहे, आपला 'चा'. आपण 'समुद्रकिनारा' म्हणताना प्रत्यय गाळतो, ते इथे ठेवतात. 'युधिष्ठिर' हे उदाहरण देऊन आम्ही अलुक् तत्पुरुष, म्हणजे प्रत्यय न गाळणारा समास, शिकवायचो, त्याची आठवण झाली. उलट संधी मात्र नाही. विद्या आणि आलय यांचं आपण विद्यालय करतो. तिथे दोन सारखे स्वर समोरासमोर आले की मध्ये आडवी रेघ देतात: लिन्या-आउतो, म्हणजे बस.

आता सगळ्यात प्रसिद्ध शब्द, त्यांच्या रोमन लिपीत 61 अक्षरांचा. रोज कोणी बोलत नाही, लांबीसाठीच तो सांगतात: लेन्तोकोनेसुइह्कुतुर्बीनिमोत्तोरिआपुमेकानिक्कोआलिउप्सेरिओप्पिलास. घाबरू नका, शेपूट धरा. ओप्पिलास, विद्यार्थी. आलिउप्सेरि, सैन्यातला हवालदार-नाईक या पातळीचा माणूस. मेकानिक्को, मोत्तोरि, तुर्बीनि हे तर बंदरात लाँच दुरुस्त करणाऱ्यालाही न विचारता कळतील. आपु म्हणजे मदत, सुइह्कु म्हणजे झोत, लेन्तोकोने म्हणजे उड्डाणयंत्र, विमान. विमानाच्या जेट टर्बाइन इंजिनाचा मदतनीस मेकॅनिक व्हायला शिकणारा सैनिक. संपला शब्द.

लांबी प्रत्ययांमुळेही वाढते. फिनिशमध्ये 15 विभक्त्या आहेत, पण आपल्याला त्याचं भय नको, आपणही प्रत्यय मागेच लावतो. तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्सानि माझ्या घरात, तालोस्सानिकिन माझ्या घरातसुद्धा. हे मागून एकेक सोलत जायचं, बस्स.

शब्द सुटायला लागले की खेळ समजतात. आपण लहानपणी 'ती होडी जाडी होती' उलटसुलट वाचत होतो. तिथला साइप्पुआकिविकाउप्पिआस हा शब्द तसाच आहे, फक्त उलटायचं ते अक्षरागणिक. स-आ-इ-प-प-उ-आ-क-इ, मध्ये व, मग इ-क-आ-उ-प-प-इ-आ-स. 19 अक्षरं. साइप्पुआ साबण, किवि दगड, काउप्पिआस व्यापारी, म्हणजे शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाचा व्यापारी. कागदावर अक्षरं सुटी मांडून दोन्ही टोकांना बोटं ठेवा आणि मध्याकडे सरकत या. मी तसंच करून बघितलं. दोन्ही बोटं 'व' वर भेटली तेव्हा अंगावर काटा आला.

श्लेष हवा असेल तर 'कूसि पालाऽ' हे दोनच शब्द घ्या. कूसि म्हणजे सहा, किंवा स्प्रूसचं झाड, किंवा तुझा चंद्र. पालाऽ म्हणजे जळतो, किंवा परत येतो, किंवा तुकडे. सहा तुकडे, झाड जळतंय, तुझा चंद्र परत येतोय. संदर्भ नसेल तर कोणता अर्थ ते ठरवता येत नाही.

उच्चाराचं एकच सांगते. जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अवयवावर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या पहिल्या ध्वनिगटावर, आणि दुहेरी अक्षर पूर्ण दुहेरी. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. आपल्या 'कला' आणि 'कल्ला' सारखंच.

याचा सराव आमच्या वाडीतल्या मुलांनी शिमग्याच्या होमाजवळ, म्हणजे होळीजवळ, केला. फिनलंडमध्येही जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला होळीसारखा मोठा जाळ करतात. त्याला म्हणतात कोक्को. तेच तिथे आडनावही असतं. त्यावरून त्यांचं एक बोबडी वळवणारं वाक्य आहे: "कोक्को, कोकोआ कोकोऽन कोको कोक्को!" "कोको कोक्कोको?" "कोको कोक्को." म्हणजे, कोक्को, अख्खी होळी गोळा कर. अख्खी होळी? अख्खी होळी. मुलं भराभर म्हणायची आणि सगळ्याचं कोकोकोको व्हायचं. पाहुणीने त्यांना एकच युक्ती सांगितली: 'क्क' आला की जीभ टाळूच्या मागे रोखून धरायची, मनात एक मोजायचा, मग सोडायची. हळू म्हणा. वेग नंतर येतो.