परिरक्षणामुळे संमीलन घडेल का, हे कागदावर कसे तपासावे

धातूच्या जालकातील (अणूंच्या नियमित रचनेतील) इलेक्ट्रॉनांमुळे ड्यूटेरिअमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, दोन केंद्रकांमधील प्रतिकर्षण झाकले जाते (यालाच परिरक्षण म्हणतात) आणि साध्या तापमानालाच त्यांचे संमीलन घडते, म्हणजे ती जुळून एक होतात, असा दावा वाचनात आला, तर प्रथम परिरक्षण ऊर्जा किती धरली आहे ते शोधावे. इलेक्ट्रॉनांच्या आवरणामुळे प्रतिकर्षणाचा अडथळा जेवढा खाली येतो, तेवढी ही ऊर्जा असते. वायुरूप ड्यूटेरिअमात ती सुमारे २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) भरते. टॅन्टलम या धातूवर ड्यूटेरॉनांचा, म्हणजे ड्यूटेरिअमच्या केंद्रकांचा, झोत सोडून केलेल्या प्रयोगांत मात्र ती ३०० च्या आसपास मिळाली असून, या वाढीचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप नाही.

केंद्रकांची ऊर्जा तेवढ्याने वाढली असे मानावे. साध्या तापमानाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चाळिसाव्या भागाइतकीच असल्याने ती खुशाल सोडून द्यावी. परिरक्षण ऊर्जा किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मांडून तिच्या वर्गमुळाने ३१.४ ला भागावे आणि २.७१८ या संख्येचा, येईल तितका उणा घात काढावा. अडथळा भेदला जाण्याची शक्यता स्थूलमानाने तेवढी. २५ साठी भागाकार १९९ येतो, म्हणजे शक्यता १० चा उणे ८६ वा घात. ३०० साठी तो ५७ येतो, म्हणजे उणे २५ वा. परिरक्षण बारा पट होताच शक्यता ६१ शून्यांनी वाढली, आणि उत्साही लेखक नेमके येथेच थांबतात.

पण ३०० हा आकडा वेगवान झोतावरून काढलेला आहे. २.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टकरीत त्याने अभिक्रियांचा दर जेमतेम तिप्पट होतो. तोच आकडा जवळजवळ स्थिर केंद्रकांना लावणे हे गृहीतक आहे, मोजमाप नव्हे.

यानंतर उत्पादिते पाहावीत. ड्यूटेरिअमच्या संमीलनात सुमारे निम्म्या वेळा न्यूट्रॉन आणि निम्म्या वेळा ट्रिटिअम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) मिळते, त्यामुळे एक वॉट उष्णतेमागे सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. तेवढे निघाले तर प्रयोग करणाऱ्याच्या जिवाला धोका संभवतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, पी. के. अय्यंगार संचालक असताना, १९८९ मध्ये पॅलेडिअम वापरून जड पाण्याचे (ड्यूटेरिअमयुक्त पाण्याचे) विद्युत अपघटन करताना दोन्ही मोजले गेले आणि न्यूट्रॉनांच्या मानाने ट्रिटिअम कितीतरी अधिक असल्याचे नोंदवले गेले, जे वरील प्रमाणात बसत नाही. अशा वेळी जड पाण्यात आणि पॅलेडिअममध्ये आधीपासून किती ट्रिटिअम होते, याची नोंद मागावी, कारण विद्युत अपघटन चालू असताना पाण्यातील ट्रिटिअमचे प्रमाण आपोआप वाढत जाते.