युरेनियमची खाण परातीत कशी दाखवावी

नारायण पेठेतल्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता सुट्टीत सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना घरी बोलावते. अणुऊर्जा शिकवताना पूर्वी मी सुरुवात चेर्नोबिलपासून करायचे, आणि ती चूक होती. अणुभट्टी फुटली तरच धोका, एवढंच मुलांच्या डोक्यात बसायचं. म्हणून तुम्ही खाणीपासून सुरुवात करा.

किलोभर बारीक वाळू घ्या. हा झारखंडमधल्या जादुगुडाचा दगड समजा. तिथं १९६७पासून युरेनियमची खाण आहे. मुलांना विचारा, यात युरेनियम किती निघेल? कुणी पाव किलो म्हणेल, कुणी मूठभर. मग काळ्या कागदावर ०.६ ग्रॅम हळद ठेवा, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. तिथल्या खनिजात युरेनियम साधारण ०.०६ टक्के, टनाला सहाशे ग्रॅम.

हळद उचलून बाजूला ठेवा आणि वाळूकडे बोट दाखवा. इथं घाई करू नका. दगड दळून, आम्लात विरघळवून युरेनियम काढून घेतलं, तरी मूळच्या किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के मागच्या गाळातच राहतो. थोरियम-२३० आणि रेडियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं त्यातच असतात. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १,६०० वर्षं. अजिंठ्याला सहलीला गेलेली मुलं असली तर सांगा, पद्मपाणीचं चित्र काढलं तेव्हाचं रेडियम आज कुठं निम्म्यावर येत असेल. शिवाय त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटत राहतो, म्हणून गाळावर मातीचा जाड थर द्यावा लागतो.

आता हा गाळ अडवून ठेवणारा बांध. गणपतीची उरलेली शाडू माती आणि वाळू अर्धी-अर्धी मिसळून परातीच्या मधोमध चार बोटं उंच बांध घाला. एका बाजूला वाळू, पाणी आणि निळी शाई ओता. दुसऱ्या बाजूला कोरडा टिपकागद अंथरा. परातीच्या शाईकडच्या काठाखाली एक वही सरकवा आणि थांबा. बांध शाबूत असतानाच कागदाची कड निळी व्हायला लागते. मुलं आपोआप वाकून बघतात. जमिनीतलं पाणी असंच बिघडतं, कसलाही आवाज न होता.

मगच तांब्याभर पाणी ओतून बांध फोडा. १६ जुलै १९७९ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉकला गाळाचा मातीचा बांध फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर दूषित पाणी पुएर्को नदीत गेलं. काठावर नवाहो लोकांची वस्ती, त्यांची गुरं. पुण्यात हे फार समजवावं लागत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा आईनं वाड्यातल्या कोनाड्यापर्यंत चढलेलं पाणी पाहिलं होतं. पण ते ओसरल्यावर माणसं घरं धुऊन परत राहायला आली.

‘मग कोळसा बरा का?’ असं एखादं मूल विचारतंच. खरं सांगा: अणुभट्टीतून धूर निघत नाही, कोळशाचा कार्बन आणि राख हेही मोठं संकट आहे. रत्नागिरीकडचं कुणी जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाबद्दल विचारेल. तिथं खाण नाही. प्रश्न आहे तो वापरलेल्या इंधनाचा आणि समुद्रात सोडायच्या गरम पाण्याचा. मुलांना घाबरवून घरी पाठवू नका.

शेवटी परात मुलांनाच पुसायला लावा. फडकं निळं झालं की विचारा, हे आता कुठं धुवायचं? ती मोरीकडे निघाली, की मोरीचं पाणी मुठेपर्यंत कसं जातं ते त्यांच्याकडूनच काढून घ्या.