गाडीवर जाहिरात लावून पैसे : कोल्हापुरातल्या गाडीमालकाने काय, कधी आणि कसं करायचं

जी गाडी रोज तशीही ठरलेल्या रस्त्याने फिरते, तिच्यावरचीच जाहिरात मालकाला परवडते. आधी हा हिशेब मांडा, मग पुढचं वाचा.

समजा, महिन्याला ४,००० रुपये आणि तीन महिन्यांचं काम ठरलं. हाती येणार १२,०००. जाहिरातदाराने सांगितलं म्हणून महिन्याला ३०० किलोमीटर जादा फिरलात, गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर किलोमीटरला ७ रुपये, म्हणजे तीन महिन्यांत ६,३०० रुपये नुसतं पेट्रोल. स्टिकर काढणं, चिकट पुसणं आणि पॉलिशसाठी २,५०० बाजूला ठेवले तर उरतात ३,२०० रुपये. तीच गाडी रोज राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीला कामावर जात असेल आणि एकही किलोमीटर जादा होत नसेल, तर ९,५०० उरतात. म्हणून दर ठरवताना तुमचा रोजचा रस्ताच विका. गोकुळ शिरगाव, कागल, गांधीनगर, इचलकरंजी, हातकणंगले, जिथे जाता तिथलं लिहून द्या. गाडी किती वाजता कुठे उभी असते तेही लिहा. दसरा चौकात किंवा स्टँडजवळ रस्त्याकडेला तीन तास उभी राहणारी गाडी हायवेवर ८० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा जास्त वाचली जाते, आणि हे जाहिरातदाराला पटवून देता येतं.

गिऱ्हाईक शोधताना मोठ्या शहरांच्या एजन्सीची वाट बघत बसू नका. त्यांना एकदम पन्नास-शंभर गाड्या लागतात आणि बहुतेक वेळा टॅक्सी लागतात. इथे थेट दुकानदाराकडे गेलेलं बरं. गुजरीतले सराफ दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या आधी, क्लासवाले मे-जूनमध्ये, फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले नवरात्रापासून, बांधकाम व्यावसायिक नवी स्कीम निघते तेव्हा खर्च करतात. सणाच्या दीड महिना आधी भेटा. गाडीचे चारी बाजूंचे फोटो, रोजच्या मार्गाचा कागद आणि मोकळ्या जागेचं माप घेऊन जा. छोट्या हॅचबॅकची चार दारं काचेखाली मिळून साधारण २५ चौरस फूट भरतात. तुमच्या गाडीचं टेपने मोजून लिहा.

आधी पैसे मागणारा जाहिरातदार नसतो

या धंद्याच्या नावाने फसवणूक भरपूर चालते आणि तिची पद्धत ठरलेली आहे. मोठ्या ब्रँडचं नाव सांगून मेसेज येतो, महिन्याला भरघोस रक्कम, गाडी कुठलीही चालेल, कुणी बघायला येत नाही. मग नोंदणी फी, डिपॉझिट किंवा स्टिकरचा खर्च मागतात. दुसऱ्या प्रकारात जास्त रकमेचा चेक देतात आणि वरचे पैसे 'स्टिकर लावणाऱ्याला' पाठवायला सांगतात. चेक नंतर परत येतो आणि पाठवलेले पैसे गेलेले असतात. खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं नाही, बँकेत विचारून खात्री करा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाका किंवा क्यूआर स्कॅन करा असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिला तास महत्त्वाचा असतो.

खरा जाहिरातदार गाडी बघतो, मार्ग विचारतो, छपाईचा आणि चिकटवण्याचा खर्च स्वतः करतो.

कागद

'चालतंय की' असं शेजारचा म्हणतो, एजंट म्हणतो, कधीकधी दुकानदारही म्हणतो. चौकात गाडी अडवली की दंड मात्र तुमच्या नावावर पडतो. म्हणून आरटीओत लेखी अर्ज द्या: गाडीचा एमएच ०९ चा नंबर, जाहिरातीचा नमुना, कुठे किती जागा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. टॅक्सी, टेंपो, रिक्षा अशा परमिटच्या गाडीला तर परवानगीशिवाय हात लावू नका. परमिटच्या अटी मोडल्या तर प्रकरण साध्या दंडावर भागत नाही. शहरातल्या जाहिरातींवर महापालिकेचं नियंत्रण असतं, तेव्हा तिकडेही नमुन्यासह अर्ज करून पोच घ्या आणि फी लागली तर ती जाहिरातदाराकडे लावा. परवानगीची प्रत गाडीत ठेवा.

संपूर्ण गाडी झाकायचं काम शक्यतो घेऊ नका. आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो, आणि पांढरी गाडी आरपार लाल-पिवळी झाली की नोंद जुळत नाही. चार दारं आणि डिकीचा खालचा भाग एवढं पुरे. बोनेट, टप आणि मडगार्ड मूळ रंगात राहू द्या. खर्चही उतरतो: हॅचबॅक पूर्ण झाकायला स्टिकरचा पाच फुटी रोल १५ ते १७ मीटर लागतो.

काचेवर काहीही लावायचं नाही. मागच्या काचेवर बारीक भोकांचं जाळीचं व्हिनाईल (स्टिकरची प्लास्टिकची पातळ फिल्म) लावा असा आग्रह होतो, कारण ती जागा मोठी आणि सपाट असते. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. जाळीच्या व्हिनाईलमध्ये भोकांची जागा निम्म्याच्या आसपासच असते, त्यामुळे ते मागच्या काचेच्या नियमात बसतच नाही. पावसात भोकांत पाणी साचून मागचं दिसतही नाही. नंबर प्लेट, दिवे, रिफ्लेक्टर आणि पेट्रोलच्या झाकणाची कडा मोकळी हवी.

विमा कंपनीला ईमेल करा: दारांवर जाहिरातीचे स्टिकर लावत आहे, वापर खासगीच राहणार आहे. त्यांचं उत्तर जपून ठेवा. क्लेमच्या वेळी 'कळवलं नव्हतं' हे कारण त्यांच्या हातात देऊ नका. गाडी कर्जावर असेल तर बँकेलाही कळवा.

मजकूर तुम्हीच वाचून घ्या. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीला २०२५ च्या. मधुमेह मुळापासून बरा करतो असले दावे १९५४ च्या कायद्यात सापडतात. फ्लॅटच्या स्कीमची जाहिरात असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असायलाच हवा. पक्षाच्या प्रचाराला गाडी निवडणूक अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय देऊ नका. रोज निपाणी-बेळगावकडे जाणं असेल तर जाहिरातदाराला आधीच सांगा, कारण इथली परवानगी कर्नाटकात लागू होत नाही.

व्हिनाईल आणि चिकटवणं

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते तीन महिन्यांनी, स्टिकर काढताना दिसतं.

रेडियमवाल्याकडे स्वस्तात मिळतो तो साधा कॅलेंडर्ड व्हिनाईल, ८० ते १०० मायक्रॉनचा. तो सपाट पत्र्यावर, कमी दिवसांसाठी ठीक. दाराच्या खोबणीत ताणून बसवला की उन्हात आखडतो आणि खोबणीतून उचलला जातो. कास्ट व्हिनाईल ५० मायक्रॉनच्या आसपास, पातळ आणि लवचिक, वळणावर बसतो आणि आखडत नाही. तो महाग असतो. तीन महिन्यांचं काम आणि फक्त दारं असतील तर पॉलिमेरिक कॅलेंडर्ड (साध्यापेक्षा कमी आखडणारा) चालतो, पण एक अट सोडू नका: मागची चिकट 'रिमूव्हेबल' हवी. कायमची चिकट असलेला माल दुकानाच्या बोर्डासाठी असतो. तो गाडीवर लावला तर निघताना तुकडे होतात आणि चिकट रंगावरच राहते. फ्लेक्सचं कापड गाडीवर कुणी चिकटवू पाहिलं तर उठून या.

छपाई झाल्यावर प्रिंट किमान २४ तास मोकळी सुकू द्यायची, मग लॅमिनेशन, म्हणजे वरून पारदर्शक फिल्म. घाई केली तर शाईतला सॉल्व्हंट आत अडकतो, चिकट मऊ पडते आणि कडा सुटतात. उद्या दसरा आहे, आजच छापून आजच लावू, असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

लावायच्या आधी गाडीचा रंग तपासा. कंपनीच्या रंगाला व्हिनाईल सहसा काही करत नाही. टचिंग किंवा पुन्हा रंगवलेल्या दारावरून मात्र काढताना रंगाचा पापुद्राच सोबत येतो. नवीन रंगाला किमान महिनाभर वाळू द्या. जुन्या पण शंकास्पद जागी इंचभर टेप घट्ट लावून झटक्यात ओढून बघा. रंग आला तर ते दार यादीतून काढा. उघडा गंज, सोललेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आणि काळा प्लास्टिकचा भागही नको.

गाडी आदल्या दिवशी धुवा, मेण किंवा पॉलिश लावू नका. कामाच्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० भाग आणि पाणी ३० भाग अशा मिश्रणाने पुसून घ्या, विशेषतः दाराच्या खालच्या कडा. जागा बंदिस्त आणि धूळ नसलेली हवी. जून ते सप्टेंबर उघड्यावर काम नको; ओलसर पत्र्यावर चिकट धरत नाही. मे महिन्यात भर उन्हात तापलेल्या दारावर ती लगेच पकडते, मग सुरकुत्या काढता येत नाहीत. सकाळी लावा.

कारागीर दारावरच कटरने कापत असेल तर थांबवा, ब्लेडची रेघ रंगात राहते. ब्लेडऐवजी धाग्याने कापणारी टेप (नाइफलेस टेप) वापरा, नाहीतर बाहेर कापून आणा. दाराच्या कडेला अर्धा सेंटिमीटर आत दुमडून घ्या. खोबणीत आणि कडांवर शेवटी हीट गनने पुन्हा तापवून दाबायचं. कास्टला ९० ते १०० अंश लागतात. हे टाळलं की आठ दिवसांत खोबणीतून फुगा येतो.

मजकूर वाचता यायला हवा. १ इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून नीट वाचता येतं असं धरा, म्हणजे चाळीस फुटांना चार इंच. मराठीत जोडाक्षरं आणि मात्रांसाठी वर-खाली जागा लागते. जाड ठशात 'द्ध', 'ष्ट' यांची पोकळी बुजते. फोन नंबर दाराच्या फटीवर किंवा हँडलवर येऊ देऊ नका.

करार

५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहा. जागा आणि माप, सुरुवात-शेवट, महिन्याची रक्कम आणि ती कुठल्या तारखेला, पहिला महिना आगाऊ. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर किती दिवसांचे पैसे कापायचे. स्टिकर फाटला तर कोण बदलणार. दंड झाला तर कुणाचा. मुदत संपल्यावर सात दिवसांत काढण्याचा खर्च जाहिरातदाराचा, हे वाक्य हवंच; त्याची रक्कम आधीच घेऊन ठेवलीत तर सगळ्यात चांगलं, कारण मुदत संपल्यावर फोन उचलले जात नाहीत. मीटरचा आणि गाडीचा फोटो दर महिन्याला पाठवणं एवढा पुरावा पुरे, सतत लोकेशन देणारं ॲप मान्य करू नका. मिळालेली रक्कम उत्पन्नात दाखवा. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

सांभाळणं आणि काढणं

पहिले तीन दिवस गाडी धुवू नका. पुढे हाताने, साबणाच्या पाण्याने. वॉशिंग सेंटरचा फवारा दोन फुटांहून जवळ आणि कडेवर तिरका आणू देऊ नका. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणि रस्त्यावरची मळी लॅमिनेशनला धरते. आठवड्यातून दोनदा पुसा, कोरड्या फडक्याने घासू नका.

मुदत संपली की त्याच आठवड्यात काढा. उन्हात सहा महिने जास्त राहिला की व्हिनाईल ठिसूळ होतो. हीट गनने हाताला गरम लागेल एवढंच तापवा, कोपरा उचला आणि पृष्ठभागाला लागून सावकाश मागे ओढा. सरळ बाहेर ओढलं तर रंगावर ताण येतो. उरलेल्या चिकटीला थिनर लावू नका, रंग मऊ पडतो. चिकट काढायचं द्रावण लावून पाच मिनिटं थांबा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. झाकलेला रंग उघड्या रंगापेक्षा ताजा दिसेल, अक्षरांचा पुसट ठसाही दिसेल. लाल आणि गडद निळ्या गाड्यांवर तो जास्त उठतो, पांढऱ्यावर जवळपास नाही. पॉलिशने बराच जातो. लावायच्या दिवशी काढलेले दारांचे फोटो शेजारी धरून तपासा, नवा ओरखडा दिसला तर तिथेच जाहिरातदाराच्या माणसाची सही घ्या.