हौशी डिटेक्टिव्हची रहस्यकथा लिहिताय? या चुका टाळा

बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यामुळे खून, पाठलाग आणि धाडसी गुप्तहेर मराठी वाचकाला नवे नाहीत. कोझी मिस्ट्रीचा बाज मात्र वेगळा आहे. गाव लहान किंवा वस्ती ओळखीपाळखीची, रक्ताची वर्णनं जवळजवळ नाहीत, आणि छडा लावणारी व्यक्ती पोलिसात नाही की पैसे घेऊन हेरगिरीही करत नाही. निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, खाणावळ चालवणाऱ्या बाई, असं कुणीही. हा प्रकार मराठीत भरपूर लिहिला जावा असं मला फार वाटतं. पण नवी कथा वाचताना बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: या माणसाला ही माहिती मिळालीच कशी?

ओळखीचा इन्स्पेक्टर सगळं सांगून टाकतो

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. समजा, तुमच्या नायिका कुलकर्णीबाई पोलीस ठाण्यात जातात, इन्स्पेक्टर चहा मागवतो आणि शवविच्छेदनाचा अहवाल त्यांच्या हातात देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिसेराचा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा, निकालही हजर! वाचक रोज वर्तमानपत्रात ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’ हे वाक्य वाचतो. तो अहवाल यायला किती काळ लागतो याची त्याला कल्पना असते, आणि तिथेच त्याचा विश्वास उडतो.

इंग्रजी कथांमध्ये ही अडचण सोडवायला एक सोय होती. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची कॉरोनरसमोर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी व्हायची आणि ती खुली असायची. गावातलं कुणीही जाऊन बसावं, डॉक्टर काय म्हणाले ते स्वतः ऐकावं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या काळातल्या कथांना ही वाट आयती मिळाली. आपण ती तशीच उचलून साताऱ्यात आणून ठेवू शकत नाही.

पण आपल्याकडेही एक वाट आहे आणि मराठी लेखक तिच्याकडे फारसे वळत नाहीत. ती म्हणजे पंचनामा. अनैसर्गिक मृत्यू झाला की पोलीस अधिकाऱ्याला शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष मृतदेहाची पाहणी करून अहवाल लिहावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १७४ मध्ये होतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९४ आहे. म्हणजे एका सामान्य माणसाला कायदाच घटनास्थळी उभं करतो आणि त्याची सही घेतो. तुमच्या कुलकर्णीबाई पंच असू द्या. खोलीत काय कुठे होतं, पाण्याचा तांब्या पालथा होता की सरळ, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल. पुढे काही खटकलं, तर त्यांना ठाण्यात जाऊन कुणाची मनधरणी करावी लागणार नाही. खेड्यातली कथा असेल तर पोलीस पाटील आहेच. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यानुसार नेमलेला हा माणूस गावातलाच असतो. गावकी आणि पोलीस ठाणं या दोन्हींत त्याचा पाय असतो. त्याची बायको, सून किंवा आई शोध घेऊ लागली तर कथेला केवढी खोली येईल!

शोधक बाईंचा व्यवसाय नुसता शोभेला

नायिका लोणची घालते, पण लोणच्याचा रहस्याशी काहीही संबंध नाही. तिला शिवणकाम करायला लावलं असतं तरी कथेत फरक पडला नसता. असं झालं की समजावं, पात्र अजून तयार झालेलं नाही.

ख्रिस्तीच्या हौशी डिटेक्टिव्ह मिस मार्पलकडे पाहा. १९३० च्या ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’मध्ये तिची बाग पाद्र्याच्या घराला लागून आहे. बागकाम आणि पक्षीनिरीक्षण करणारी म्हातारी बाहेर उभी असली तर कुणाला खटकत नाही, आणि कोण कधी आलं-गेलं हे तिला ठाऊक असतं. शिवाय समोरचा संशयित पाहिला की तिला गावातला तसाच कुणीतरी आठवतो. तिची विचार करण्याची रीतच तिच्या गावातून आलेली आहे. चेस्टरटनचा फादर ब्राऊन पापाची कबुली ऐकणारा धर्मगुरू आहे, म्हणून माणूस किती खाली जाऊ शकतो हे त्याला पोलिसांपेक्षा नीट कळतं. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शाळकरी मुलगा आहे. सायकलवरून फिरणाऱ्या पोराकडे मोठी माणसं लक्ष देत नाहीत, हेच त्याचं बळ.

आता आपल्या हाऊसिंग सोसायटीचा विचार करा. कुणाचा मेंटेनन्स थकलाय, पुनर्विकासाच्या कागदांवर कोण सही करत नाही, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये कोणती नोंद नंतर घुसडलीय, रात्री कुणाच्या घरी भांडण झालं, हे सगळं कोण जाणतं? चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी. मराठी कथेत या मावशींचं काम बहुतेक वेळा एवढंच असतं: सकाळी दार उघडायचं, प्रेत पाहायचं आणि किंचाळायचं. माझ्या मते मराठीतली सर्वोत्तम हौशी डिटेक्टिव्ह त्याच होऊ शकतात, आणि त्यांना लेखकांनी दारातच उभं करून ठेवलंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

कथा मध्येच अडकली तर

नायिका या घरून त्या घरी जाते, प्रश्न विचारते, उत्तर मिळतं, पुढचं घर. तीस पानं झाली की वाचक कंटाळतो, लेखकही. अशा वेळी कागदावर तीन रकाने आखा: धागा कोणता, तो कुणी दिला, आणि त्या माणसानं तो का दिला. तिसऱ्या रकान्यात ‘विचारलं म्हणून सांगितलं’ एवढंच येत असेल तर बिघाड तिथे आहे. माणसं उगाच बोलत नाहीत. कुणी जुना राग काढायला बोलतं, कुणी स्वतःवरचा संशय झटकायला, कुणी दिवसभर घरात एकटं असतं म्हणून. कारण सापडलं की प्रसंग जिवंत होतो, आणि पुष्कळदा खोटं कोण बोलतंय हेही तिथेच ठरतं.

त्या रकान्यांत ‘योगायोगानं ऐकलं’ एकदाही येऊ देऊ नका. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. शोधकाला अपघातानं मदत मिळता कामा नये, हा त्यातलाच एक. योगायोगानं माणूस अडचणीत सापडला तर वाचक खपवून घेतो, सुटला तर नाही.

पोलिसांना मूर्ख दाखवणं हाही सोपा मार्ग आहे, तो टाळाच. रिचर्ड ऑस्मनच्या २०२० मधल्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’मध्ये निवृत्तांची मंडळी आणि तरुण पोलीस शिपाई डॉना यांच्यात माहितीची देवघेव चालते, आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते. पोलीस हुशार असले तरी पोळ्यावाल्या मावशींसमोर सोसायटी जे बोलते ते गणवेशासमोर बोलणार नाही. एवढा फरक पुरेसा आहे.

आणि मेलेल्या माणसासाठी कुणीतरी रडू द्या. कोझीत रक्त नसतं, पण म्हणून दुःखही नसावं असं नव्हे.

सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून कबुली

शेवटी सगळे संशयित जमतात, इन्स्पेक्टर दारात उभा, खुनी कोसळतो आणि सगळं ओकतो. भारतात घडणाऱ्या कथेत इथे अडचण आहे. पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मात्र अटकेतल्या आरोपीनं सांगितल्यामुळे एखादी गोष्ट सापडली, तर सांगण्यातला तेवढ्यापुरता भाग चालतो. म्हणून शेवट शब्दांपेक्षा वस्तूकडे न्या: माळ्यावर लपवलेली बाटली, बदललेलं मृत्युपत्र, रजिस्टरचं फाडलेलं पान. नायिकेनं रात्री एकटीनं खुन्याच्या घरी जायचा मोहही त्यामुळे टळतो. इतकी शहाणी बाई कुणाला न सांगता तिथे जाईलच कशी?

दुसरी कथा, तोच वाडा

मालिका लिहिणार असाल तर एका वाड्यात किती खून घडवणार? ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकी मालिका १९८४ ते १९९६ चालली. तिच्या कॅबट कोव्ह या चिमुकल्या गावातल्या खुनांच्या संख्येवर लोक अजून बोलतात. पुढे मालिकेची नायिका जेसिका फ्लेचर हिला न्यूयॉर्कमध्येही घर द्यावं लागलं. ख्रिस्तीनं मिस मार्पलला १९६४ मध्ये कॅरिबियन बेटावर पाठवलं, वर्षभरात लंडनच्या हॉटेलात. आपल्याकडे यात्रा कंपनीची बस आहे, नात्यातलं लग्न आहे, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत सहा महिने राहणं आहे. पण जागा बदलली की माहितीची वाटही नव्यानं शोधावी लागते. न्यू जर्सीत कुलकर्णीबाईंना गाडी चालवता येत नाही, शेजारी ओळखत नाहीत, पंचनाम्याला कुणी बोलावणार नाही. त्यांच्यासारख्याच, आपापल्या मुलांकडे राहायला आलेल्या आज्या-आजोबांशी रोज पार्कमध्ये गप्पा होतात, तिथून सुरुवात करता येईल.