बिडी-सिगारेट सोडायचीय? नंबर पाकिटावरच आहे

सोडायचं मनात असतं, पण विचारायचं कुणाला आणि पैसे किती लागतील, इथंच गाडी अडते. खर्च शून्य. सिगारेटच्या पाकिटावर इशाऱ्याच्या चित्राखाली १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो. आपण चित्र बघायचं टाळतो, त्यात नंबरही राहून जातो.

१. फोन मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत लावा. सोमवारी बंद. मराठीत बोलायचंय, असं सुरुवातीलाच सांगा.

२. त्याआधी दोन दिवस कागदावर टिपा: दिवसाची पहिली कधी, एकूण किती, कुठल्या वेळी हात खिशात जातोच. पार्क चौकात चहासोबत, कारखान्याच्या सुट्टीत, जेवल्यावर. जे असेल ते खरं लिहा. समुपदेशक हेच विचारतात, मग सोडायची तारीख ठरवतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशीही करतात. हा पाठपुरावाच खरा कामाचा.

३. बोलायला संकोच वाटतो? ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या, मोबाइलवर मेसेज येत राहतात.

४. समोरासमोर बोलायचं तर सिव्हिलमध्ये केसपेपर काढतानाच 'तंबाखू सोडायचीय, कुठं जाऊ?' असं विचारा.

एक सांभाळा: बिडी सुटली म्हणून मावा किंवा तंबाखू-चुना धरू नका. निकोटीन तेच, धूर तेवढा नाही. निकोटीनचं च्युइंगगम घ्यायचं असेल आणि हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.