ॲक्च्युअली कुठे वापरायचं आणि कुठे गाळायचं

आपल्याकडे इंग्लिश बोलायला सुरुवात केली की पहिला शब्द हमखास ॲक्च्युअली, कारण डोक्यात खरं तर किंवा म्हणजे कसंय ना असं काहीतरी चालू असतं आणि विचार करायला दोन सेकंद हवे असतात. पण ऐकणाऱ्याला त्यातून वेगळंच ऐकू येतं, की तुम्हाला वाटतंय तसं नाहीये. समोरच्याचा समज आणि खरी गोष्ट यात फरक असेल तरच तो शब्द शोभतो.

इंटरव्ह्यूचंच घ्या. यू आर फ्रॉम पुणे, राइट? असं विचारलं तर ॲक्च्युअली, आय ॲम फ्रॉम सातारा एकदम बरोबर. पण टेल मी अबाउट युवरसेल्फ म्हटल्यावर तेच वाक्य आलं तर दुरुस्त करायला काहीच नसतं, तिथे सरळ आय ॲम फ्रॉम सातारा म्हणा.

ईमेलमध्ये तर जास्तच जपा. ॲक्च्युअली आय हॅव ऑलरेडी सेंट द फाइल हे वाचणाऱ्याला झापल्यासारखं वाटतं, विशेषतः वाचणारे साहेब असतील तर. त्याऐवजी आय सेंट द फाइल ऑन मंडे, अटॅचिंग इट अगेन असं लिहिलं की मुद्दाही पोचतो आणि कोणाला लागतही नाही.

जागा बदलली की अर्थ पण हलतो बरं का. सुरुवातीला आला की दुरुस्ती नाहीतर बदललेला विचार, जसं आय विल हॅव टी, ॲक्च्युअली, मेक इट कॉफी. क्रियापदाआधी आला की आश्चर्य, आय ॲक्च्युअली लाइक्ड इट, म्हणजे आवडेल असं वाटलं नव्हतं!! म्हणून कोणाच्या घरी जेवून युवर फूड वॉज ॲक्च्युअली गुड असं कृपया म्हणू नका.

आता जवळचे शब्द. आधीच्या वाक्यापेक्षा पुढचं जास्त जोरदार असेल तर इन फॅक्ट, द क्लास इज गुड, इन फॅक्ट, इट्स द बेस्ट इन टाउन. मनापासून का हे विचारायचं असेल तर रिअली, डू यू रिअली वॉन्ट टू गो? आणि खरंच गेलास का, नुसतं ठरवलंस, हे विचारायचं तर डिड यू ॲक्च्युअली गो? ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट जरा जड वाटतं, रोजच्या बोलण्यात इन फॅक्टनेच भागतं.

सवय मोडायला फोनवर स्वतःचं दोन मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा, ऐका आणि प्रत्येक ॲक्च्युअलीला विचारा की इथे कोणाचा समज खोडतोय. उत्तर नसेल तर तिथे गप्प राहून श्वास घ्या, चालतं, इंग्लिश बोलणारे पण थांबतातच.