आईच्या पाटल्या आणि एक कागद

मागच्या वेळी शारजाहून परतताना मोठी पंचाईत झाली. हातातल्या आईच्या पाटल्या इथूनच नेल्या होत्या, हे दाखवायला कागदच नव्हता. दागिन्यांची ड्यूटी-फ्री सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांनाच असते. आठवडाभर फिरून येणाऱ्यांना नाही.

यंदा आधी इतवारीतल्या सराफाकडून वजन-शुद्धतेचा दाखला घेतला. निघताना, सामान चेक-इन करण्याआधीच, कस्टमला पाटल्या दाखवून निर्यात प्रमाणपत्र, म्हणजे त्या इथूनच नेल्याचा कागद, मागितलं. अधिकाऱ्यांनी आतल्या बाजूची झिजलेली नक्षीसुद्धा निरखून पाहिली, मग शिक्का मारला. येताना सरळ रेड चॅनलला, म्हणजे कस्टमला सामान जाहीर करायच्या रांगेत गेले, कागद पुढे केला. एक रुपया लागला नाही. पाटल्या हातात, कागद आता देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. बायांनो, दागिने घालून जाणार असाल तर हा कागद नक्की करून घ्या.